अंगातून वाफा निघतात, सुया टोचून बघू का?

गेल्या अंकात पाळी जायच्या वयाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त ॲक्युपंक्चरबद्दलच, म्हणजे अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचायच्या चिनी उपचाराबद्दलच आहेत. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच दिलीये. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, काही पत्रं जरा आटोपशीर केलीत.

प्रश्न: मॅडम नमस्कार, माझं वय ४९. राहायला इंदिरानगरला, शाळा निफाड तालुक्यात, रोज जाऊन येऊन करते. पाळी बंद होऊन चौदा महिने झाले. दिवसातून आठ-दहा वेळा अंगातून वाफा निघतात, मानेपासून वर चेहरा लालबुंद होतो, घाम फुटतो आणि दोन-तीन मिनिटांनी थंडी वाजायला लागते. जानेवारीत निफाडला पारा एवढा उतरला होता की पोरं स्वेटरवर स्वेटर घालून बसलेली आणि मी फळ्यासमोर उभी राहून वहीने वारा घेत होते. रात्री झोपेचं तर नावच नको. हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो असं सगळेच म्हणतात म्हणून त्या मला नकोत. आमच्या स्टाफमधल्या एकीला ॲक्युपंक्चरने फरक पडला, म्हणून चौकशी केली तर एका सिटिंगचे ६०० रुपये म्हणाले, आणि २० सिटिंगचं पॅकेज आधीच भरलं तर १०,०००. घेऊ का? खरंच उपयोग होतो का? सुईची मला लहानपणापासून भीती आहे ते वेगळंच.

उत्तर: ताई, आधी झटपट सांगून टाकते. करून बघायला हरकत नाही, पण दहा हजार आधी भरू नका आणि हार्मोनच्या गोळ्यांना जो कायमचा नकार देऊन ठेवलाय त्यावर एकदा परत बोलू. आता सविस्तर.

या वाफा येतात कशा ते कळलं की पुढचं सोपं जातं. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे, अंगाचं तापमान सांभाळायचं काम त्याच्याकडे. एरवी अंग थोडं गरम झालं, थोडं गार झालं तर तो तेवढं चालवून घेतो. पाळी जायच्या वेळी इस्ट्रोजेन हे बाईच्या अंगातलं हार्मोन कमी झालं की हे चालवून घेणं संपतं. मग गरम चहाचा एक घोट, गॅससमोर दोन पोळ्या जास्त लाटल्या, बसमध्ये जरा गर्दी झाली, एवढंही पुरतं, त्याला वाटतं अंग तापलं, लगेच कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, चेहरा लाल होतो, घाम फुटतो आणि तो घाम वाळला की हुडहुडी भरते. बाहेर निफाडची थंडी असली तरी आतला काटाच हलका झालाय, त्यामुळे वर्गात पोरं कुडकुडतात आणि तुम्ही वहीने वारा घेता यात तुमचं काही चुकत नाहीये, आणि हे "मनाचे खेळ" तर अजिबात नाहीत, कोणी म्हणालं तर माझं नाव सांगा.

आता सुयांचं. यावर बरेच अभ्यास झालेत, पण मी दोनच सांगते कारण दोन्ही २०१६ चे आहेत आणि शेजारी शेजारी ठेवून वाचले तरच खरं काय ते दिसतं. पहिला अमेरिकेतला, नॉर्थ कॅरोलायनाचा, २०९ बायका होत्या. काहींना सहा महिन्यांत २० पर्यंत सिटिंग दिली आणि बाकीच्यांना सांगितलं की तुमचा नंबर सहा महिन्यांनी. सुया घेतलेल्या बायकांच्या वाफा जवळपास ३७ टक्क्यांनी कमी झाल्या, थांबलेल्यांच्या उलट ६ टक्क्यांनी वाढल्या. दुसरा ऑस्ट्रेलियातला, ३२७ बायका, ८ आठवड्यांत १० सिटिंग. इथे अर्ध्या बायकांना खरी सुई आणि अर्ध्यांना बोथट टोकाची सुई, जी नुसती टेकते, कातडीच्या आत जातच नाही, आणि बाईला काही सांगत नाहीत की तुम्हाला कुठली लावली. तर त्रास दोन्हीकडे साधारण ४० टक्क्यांनी कमी झाला. दोन्हीकडे सारखाच, बरं का. त्याच्या आधी २०१३ मध्ये १६ अभ्यास एकत्र करून बघितले होते, त्यातही हेच, काहीच न करण्यापेक्षा सुया बऱ्या, पण खोट्या सुयांपेक्षा खऱ्या सरस असं काही दिसलं नाही, आणि हार्मोनच्या औषधापेक्षा तर कमीच.

मग मी काय समजते यातून? तुमच्या मैत्रिणीला जो फरक पडला तो खरा आहे. तिच्या वाफा कमी झाल्या, तिला झोप लागली, हे कोणी खोटं म्हणू नये. पण सुई नेमक्या त्याच बिंदूत गेली म्हणून तो फरक पडला असं म्हणायला पुरावा नाही. एक तर वाफा आपोआपही कमी-जास्त होतात, आणि आपण उपचाराला जातो तेच मुळी सगळ्यात वाईट आठवड्यात, त्यामुळे नंतर थोडं बरं वाटणारच असतं. आणि दुसरी गोष्ट मला स्वतःला कळली, ती सांगते.

मी पन्नाशीला आले तेव्हा मलाही हे सगळं झालं. ओपीडीत पेशंट समोर बसलेली आणि माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ. रात्री चार-चार वेळा जाग. मला हार्मोन घेता येत नव्हतं, पायात पूर्वी एकदा रक्ताची गाठ झाली होती, म्हणून एका ओळखीच्या बाईंकडे आठ सिटिंग घेतली. सुई म्हणजे इंजेक्शनची नाही हं ताई, केसासारखी बारीक, पाव मिलिमीटर जाडीची. प्लास्टिकची छोटी नळी कातडीवर टेकवतात, वरून बोटाने टिचकी मारतात की सुई आत. पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर एक जागा आहे, तिथे लावली तेव्हा दुखलं नाही पण पोटरीत एक जडपणा उतरत गेला, पाय अवघडल्यावर येतो तसा, आणि मग ऊब. मनगटावर एक, डोक्याच्या मध्यावर एक, पावलांवर दोन. मग लाइट कमी करून त्या बाहेर गेल्या. फोन बाहेरच्या टेबलावर. पंचवीस मिनिटं मला कोणी हाक मारली नाही. सहाव्या सिटिंगनंतर रात्रीची जाग चारवरून दोनवर आली, आणि मला आजही सांगता येणार नाही की ती सुईने आली का त्या पंचवीस मिनिटांनी. पण तिथे पडल्या पडल्या एक आठवत होतं, लग्नानंतरच्या सत्तावीस वर्षांत मी भर दुपारी, अंगात ताप नसताना, दार लावून अशी आडवी पडले त्याला किती वर्षं झाली असतील, आणि मला एकही दुपार आठवली नाही. बायकांना आराम करायला कारण लागतं, आणि ते कारण औषधपाण्याचं असेल तरच घर ते मान्य करतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी हे आता उघड सांगते, की सिटिंग घ्या किंवा नका घेऊ, ती पंचवीस मिनिटं मात्र घ्याच.

आता पैशाचं. अमेरिकेच्या त्याच अभ्यासात पुढे असं दिसलं की ज्यांना फरक पडायचा त्यांना तो आठ सिटिंगच्या आसपास जेवढा पडायचा तेवढा पडला होता. थोड्या बायकांच्या वाफा जवळजवळ गेल्याच, साधारण निम्म्या बायकांचा त्रास निम्म्यावर आला, आणि एक तृतीयांशाहून जास्त जणींना फारसा काही फरक नाही. डेन्मार्कमध्ये २०१९ मध्ये ७० बायकांवर आठवड्याला एक अशी पाचच सिटिंग दिली, तिथे तिसऱ्या आठवड्यापासूनच फरक दिसायला लागला होता (पण तिथेही खोट्या सुईचा गट नव्हता, हे लक्षात ठेवा). म्हणजे वीसचं पॅकेज कशासाठी? एकेक सिटिंगचे पैसे द्या. आणि एक काम करा, सुरू करायच्या आधी आठवडाभर कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाच्या खाली, रोज किती वेळा वाफ आली आणि रात्री किती वेळा उठलात ते आकडे लिहा, नंतरही लिहीत राहा. पाच सिटिंगनंतर आकडे हललेच नाहीत तर आठपर्यंत जा फार तर, मग थांबा. "अजून दहा घ्या मग कळेल" असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून घरी या.

जाल तिथे तीन गोष्टी बघा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, सुई एकदाच वापरायची असते. वापरून झाली की ती पांढऱ्या, जाड, न टोचणाऱ्या डब्यात गेली पाहिजे, कचऱ्याच्या पिशवीत नाही. आणि आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे, राज्याची परिषद आहे, नोंदणी असते, तर ती नोंदणी विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, पेसमेकर असेल तर आधी सांगायचं, पेसमेकरवाल्यांनी करंट लावायच्या सुया घ्यायच्याच नाहीत. थोडं काळंनिळं होणं, एखादा रक्ताचा थेंब, पहिल्यांदा थोडं गरगरणं एवढं होऊ शकतं, म्हणून उपाशी जाऊ नका. छातीवर-पाठीवर खोल सुया या त्रासाला लागतच नाहीत, तिथे चुकून फुप्फुसाला इजा झाल्याचे प्रकार क्वचित का होईना झालेत, तेव्हा स्पष्ट नाही म्हणा.

आणि हार्मोनचं. ही भीती आली २००२ मध्ये, हार्मोनच्या गोळ्यांवरचा अमेरिकेतला एक खूप मोठा अभ्यास मध्येच थांबवला तेव्हा. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन बऱ्याच जणींना दहा वर्षं उलटून गेलेली. तुम्ही ४९ च्या, पाळी जाऊन सव्वा वर्ष झालेल्या. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, आणि ब्रेस्ट कॅन्सर, रक्ताच्या गाठी, लिव्हरचा आजार, कारण न समजलेलं ब्लीडिंग यातलं काही नसलेल्या बाईला फायदा-तोट्याचं गणित बरंच वेगळं पडतं. स्तनाच्या कॅन्सरचा धोका इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन एकत्र वर्षानुवर्षं घेतली तर थोडा वाढतो हे खरं आहे, मी लपवणार नाही. पण वाफा कमी करण्यात त्याच्याएवढं दुसरं काही नाही, साधारण ७५ टक्के कमी होतात. घ्याच असं मी म्हणत नाहीये, नको म्हणायचं तर माहिती घेऊन म्हणा. ते नको असेल तर डिप्रेशनसाठी वापरतात त्यातल्या काही गोळ्या कमी डोसमध्ये वाफांना चालतात, गॅबापेंटिन नावाचं औषध आहे, आणि सीबीटी म्हणून बोलण्यातून करायची एक उपचारपद्धत आहे, तिला चांगला पुरावा आहे. अमेरिकेच्या मेनोपॉजच्या डॉक्टरांच्या संस्थेने २०२३ मध्ये बिनहार्मोनच्या उपायांची यादी केली त्यात सीबीटी आहे, ॲक्युपंक्चरची मात्र त्यांनी शिफारस केलेली नाही, हेही तुम्हाला माहीत असावं.

सगळ्यात आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि शुगर बघून घ्या. थायरॉइड वाढलेलं असलं तरी असाच घाम आणि धडधड होते, आणि त्याला सुई काय, हार्मोन काय, कशाचाच उपयोग नाही.

प्रश्न: मी पंचवटीत राहते, वय ५१. वाफा आणि गुडघेदुखीसाठी ॲक्युपंक्चरला गेले होते. त्यांनी माझी जीभ बघितली, दोन्ही हातांची नाडी बघितली आणि म्हणाले तुमची किडनी वीक आहे. मॅडम, माझे सासरे डायलिसिसवर होते, तीन वर्षं मी ते सगळं केलंय. घरी येऊन रात्रभर रडले. मिस्टरांना अजून सांगितलं नाही. कुठल्या टेस्ट करू?

उत्तर: ताई, आधी डोळे पुसा. ते ज्या किडनीबद्दल बोलत होते ती तुमच्या सासऱ्यांची किडनी नाही.

चिनी वैद्यकात शरीराची भाषाच वेगळी आहे. आपल्याकडे वात-पित्त-कफ म्हणतात तेव्हा पित्त म्हणजे फक्त पित्ताशयातलं पाणी नसतं, तसंच. त्यांच्याकडे "किडनी" म्हणजे वाढ, वय, जननशक्ती, हाडं या सगळ्याला मिळून दिलेलं एक नाव. वय झालं की तिचं "यिन", म्हणजे गारवा, कमी होतो आणि उष्णता वर चढते असं ते मानतात, म्हणून पाळी जायच्या वयातल्या जवळजवळ प्रत्येक बाईला ते हेच निदान सांगतात. तुमच्या लघवीशी, क्रिएटिनिनशी (किडनी नीट चालते का ते सांगणारा रक्तातला आकडा) त्याचा संबंध नाही. जिभेवरून किडनीचा आजार कळत नाही. ज्यांनी सांगितलं त्यांनी हे समजावून सांगायला हवं होतं, ज्या घरात डायलिसिस होऊन गेलंय त्या घरात हा शब्द असा टाकून मोकळं होता येत नाही, याचा मला मनापासून राग आला.

तरीही तुमच्या मनातून जायचं नाही हे मला माहितीये, म्हणून बीपी मोजा, क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी करा, महापालिकेच्या दवाखान्यातही स्वस्तात होऊन जाईल. मिस्टरांना आजच सांगा. आणि रात्रीच्या घामाबरोबर संध्याकाळी कणकण, खोकला किंवा वजन उतरणं असं काही असेल तर मात्र छातीचा एक्स-रे आणि बेडका तपासून घ्या, आपल्याकडे टीबी अजून आहे आणि पाळी जायच्या वयात तो वाफांच्या नावाखाली लपतो.

या निमित्ताने एक आठवलं. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते पाच डॉक्टरांच्या पथकातून, कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले, पण त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू परत आले, पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी ते कलकत्त्यात सुरू केलं. आपल्या देशात ही विद्या अशी आली. इतक्या कष्टाने आलेल्या गोष्टीचा वापर कोणाला घाबरवायला होऊ नये असं वाटतं.

प्रश्न: नाशिकरोड. वय ४६. दोन वर्षांपूर्वी ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन, उजव्या काखेतल्या गाठीही काढल्या. टॅमॉक्सिफेन चालू आहे. वाफांनी जीव नकोसा झालाय, गोळी बंद करावी असं वाटतं. ॲक्युपंक्चर चालेल का? शेजारच्या काकू शतावरी घे म्हणतात.

उत्तर: गोळी बंद करू नका. हे मी पहिलं वाक्य म्हणून लिहितेय आणि शेवटीही परत लिहीन. तुम्हाला ज्या वाफा येतायत त्या बहुतेक या गोळीमुळेच येतायत, ती इस्ट्रोजेनला अडवते आणि तुमचं रक्षणही त्याच अडवण्याने होतं.

तुमच्यासारख्यांसाठी ॲक्युपंक्चर हा पर्याय मला जास्त पटतो, कारण हार्मोन तुम्हाला देताच येत नाही. इटलीत १९० बायकांवर, सगळ्या ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या, १२ आठवड्यांत १० सिटिंग देऊन बघितली, नुसता आहार-व्यायामाचा सल्ला मिळालेल्या बायकांपेक्षा सुयावाल्यांना वाफा कमी झाल्या आणि पुढे काही महिने तो फरक टिकला. खोट्या सुईचा गट तिथेही नव्हता. पण तुमच्या जागी मी असते तर बघितलं असतं करून. फक्त उजव्या हाताला एकही सुई लावू द्यायची नाही, त्या हाताला सूज येऊन बसली तर ती जाता जात नाही. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून, रक्तातल्या पेशी बघून मगच सुरू करा.

औषध घ्यायचं ठरलं तर एक लक्षात ठेवा, वाफांसाठी देतात त्यातल्या पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या गोळ्या टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतात, वेन्लाफॅक्सिन बरी. जे डॉक्टर गोळी लिहितील त्यांना टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं तुम्ही स्वतः सांगा, फाइल घरी राहते आणि घोळ होतो, मी बघितलंय. शतावरी, सोयाच्या गोळ्या, हे काही स्वतःहून नको, काकूंचा जीव आहे तुमच्यावर म्हणून सांगतायत पण नको. आणि गोळी बंद करू नका.

प्रश्न: मी सिडकोत राहतो, अंबडला कंपनीत आहे. मिसेस ४७ वर्षांच्या. दीड-दोन वर्षांपासून पाळी कधी येते कधी नाही, रात्री उठून गॅलरीत जाऊन बसते, सकाळी छोट्या गोष्टीवरून भांडी आपटते. आई म्हणते आम्हाला पण झालं, आम्ही काय डॉक्टरकडे गेलो? सुया लावल्याने राग शांत होतो असं ऐकलंय. घेऊन जाऊ का? तिला अजून विचारलं नाही.

उत्तर: दादा, पत्र लिहिलंत याचं मला खूप बरं वाटलं, पण तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. आधी तिला विचारा.

राग हा आजार नाहीये. ती रात्री गॅलरीत का बसते माहितीये का, अंगातून वाफ निघते, अंथरूण ओलं होतं, तुमची झोपमोड नको म्हणून ती उठून बाहेर जाते. तुमची फर्स्ट शिफ्ट असेल तर पाचला उठून डबा तीच करत असणार. अडीचला जाग, मग साडेतीनला डोळा लागतो, पाचला अलार्म. असं दीड वर्ष चाललं तर तुम्ही-आम्ही कोणीही भांडी आपटू. पाळी पूर्ण जायच्या आधीची ही जी वर्षं असतात ना, वर-खालीची, तीच बऱ्याच बायकांना जास्त जड जातात, आणि आपल्याकडे सरासरी ४६-४७ ला पाळी जाते, म्हणजे मिसेसचं वेळेवरच चाललंय.

आईंना म्हणावं, तुम्ही अंगावर काढलंत हे खरं आहे, पण तुम्हालाही कोणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतंच ना. कदाचित त्या बोलायला लागतील, बघा.

सुयांनी चिडचिड थेट जाते असं मी सांगू शकत नाही, झोप सुधारली तर तेवढी कमी होते. तिला जावंसं वाटलं तर जरूर घेऊन जा, आणि तुम्ही बाहेर बसा, आत "हिला राग फार येतो" हे तुम्ही सांगू नका, तिचं ती सांगेल. त्याच्या आधी आजपासून करण्यासारखं म्हणजे फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात डबा कॅन्टीनचा, तिच्या बाजूला वेगळा पंखा, अंथरुणावर सुती चादर, रात्रीचं जेवण लवकर आणि कमी तिखट, आणि रविवारची मिसळ तिने खाल्ली आणि घाम आला तर हसू नका. दुपारी अर्धा तास तिच्या खोलीचं दार बंद राहील आणि कोणी वाजवणार नाही एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. आणि दोन आठवडे सतत उदास वाटणं, कशातच मन न लागणं, जगायचा कंटाळा आल्यासारखं बोलणं असं काही दिसलं तर थांबू नका, लगेच मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे, तिथे सुयांवर वेळ घालवायचा नाही.

प्रश्न: सिन्नरहून लिहितेय. ऑनलाइन सुयांचं पाकीट मिळतं, व्हिडिओ बघून घरीच केलं तर?

उत्तर: नको. सुई आत मोडली किंवा पिकली तर निस्तरायला कोण येणार. घोट्याच्या वरच्या त्या जागेवर अंगठ्याने दोन मिनिटं दाबून बघा हवं तर, त्याने नुकसान काही नाही, फक्त दिवस गेलेल्या सुनेला तिथे दाबू नका. योनीच्या कोरडेपणाबद्दल पण विचारलंय तुम्ही, त्याला सुयांचा उपयोग नाही, मॉइश्चरायझर जेल किंवा लावायचं इस्ट्रोजेन क्रीम असतं, डॉक्टरांना न लाजता सांगा. आणि हाडांसाठी नाचणी, तीळ, दूध, रोजचं चालणं, त्याला पर्याय नाही.

प्रश्न: दिंडोरी तालुका, वय ५४. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. द्राक्षाच्या बागेत कामाला जाते. महिन्यापासून मधेमधे अंगावरून लाल जातंय, थोडंच. कंबरेसाठी सुया घेते तिथे सांगितलं तर म्हणाले उष्णता बाहेर पडतेय, चांगलं आहे. बाग संपेपर्यंत थांबू का?

उत्तर: मावशी, तुमचं पत्र ज्या दिवशी हातात आलं त्याच दिवशी मी तुम्ही दिलेल्या नंबरवर फोन केला, अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतंच. इथे छापतेय ते हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. पाळी जाऊन एक वर्ष झाल्यानंतर थेंबभर जरी रक्त गेलं तरी ती उष्णता नाही, ती तपासायचीच गोष्ट. बऱ्याचदा आतलं अस्तर कोरडं पडल्याने होतं आणि घाबरण्यासारखं काही निघत नाही, पण काही जणींमध्ये ते पिशवीच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण असतं आणि त्या टप्प्यावर सापडलं तर बहुतेक वेळा पूर्ण बरं होतं. आतून सोनोग्राफी करतात, अस्तराची जाडी चार मिलिमीटरच्या वर असली की त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. सुया कितीही चांगल्या हाताच्या असू देत, हे त्यांचं काम नाही. मावशी त्याच आठवड्यात सिव्हिलला आल्या, सून बरोबर होती, जाडी नऊ निघाली, तुकडा पाठवलाय. बाग मुकादमाने दुसऱ्या बाईला दिली म्हणून त्या माझ्यासमोर रडल्या, रिपोर्टसाठी नाही.